घरचा हात

सुट्टी म्हणजे काय, हे ताईला कोणी शिकवूनही आलं नसतं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे मास्तरांना, मात्र ते उपजतच येत होतं. डोंगरातल्या गारठ्यातून दोन दिवसांचा प्रवास करून बायकोच्या माहेरच्या अंगणात पाय ठेवताच त्यांनी स्वेटर काढून पिशवीत कोंबला, मेहुण्याची जुनी हॅट डोक्यावर चढवली आणि थेट वाळूत जाऊन जी आरामखुर्ची पकडली, ती तिसऱ्या दिवशीही सुटली नव्हती. जेवायची हाक आली की येत, जेवत, स्वतःचं ताट घासत आणि परत जात. तिकडे बर्फ पडत असेल, नळ गोठले असतील, शेजारी फावड्यानं दार मोकळं करत असेल, हे आठवून दिवसातून दोनदा ते एकटेच मोठ्यानं हसत.

ताईनं तेवढ्या वेळात माळा आवरला होता. वहिनीच्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या, वडिलांच्या, आप्पांच्या, गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटलं होतं. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलेली बाई ती. भल्याभल्या सर्जनांना तिनं "आधी हात धुऊन या" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. तिच्या हाताला काम नसलं की घरातल्या बाकीच्यांच्या जिवाला घोर लागायचा, आणि या खेपेला तो अगदी योग्य कारणासाठी लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये शिरली. पणजोबांपासून या शेडमध्ये शिडं शिवली जात होती. आता शिडाच्या होड्या कमी झाल्या, त्यामुळे हॉटेलांची कापडी छतं, बोटींची झाकणं असलं कामच जास्त असे. तरी मोसमात पाहुण्यांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या दोन-तीन मोठ्या होड्या होत्या, आणि त्यांची शिडं याच घरातून जात. त्यांतल्याच एका होडीच्या कप्तानाचं नवं शीड जमिनीवर पसरलेलं होतं. शिलाई सगळी झाली होती. फक्त तळाच्या कोपऱ्यात पितळी कडी बसवून ती हातानं शिवायची राहिली होती. शेजारी त्याच कप्तानाचं गेल्या वर्षीचं शीड ठिगळासाठी येऊन पडलं होतं. ताईनं सहज त्याचा कोपरा उचलला आणि कडीभोवतीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

टाका हा ताईचा प्रांत. कुठल्या डॉक्टरानं पोट शिवलंय, हे ती पट्टी सोडताना सांगत असे. आणि भाऊचा टाका तर ती लहानपणापासून ओळखत होती. जरा सैल, ऐसपैस, उजवीकडे झुकलेला. गुणगुणत काम करणाऱ्या माणसाचा. हे टाके दाट होते, एकाला एक लागून बसलेले होते, आणि झुकले होते डावीकडे.

तिनं वर पाहिलं. दारात भाऊ चहा घेऊन उभा होता. कप अर्धाच भरलेला, आणि तोही दोन्ही हातांनी धरलेला. गेले तीन दिवस ती हे पाहत होती आणि थंडी नाही, वारा नाही, तरी हा असा कप का धरतो, एवढंच तिच्या मनात येऊन जात होतं. आता एकदम सगळं जागच्या जागी बसलं.

"चल, वाळूत चक्कर मारून येऊ," ती म्हणाली.

"आत्ता? उन्हात?"

"ऊन खायलाच आलेय मी. चल."

मास्तरांच्या खुर्चीच्या पुढं शंभर पावलं गेल्यावर तिनं विचारलं, "किती दिवस झाले?"

भाऊनं आधी 'कशाला?' असं भोळेपणाचं सोंग करून पाहिलं. मग बहिणीचं तोंड पाहून त्यानं नाद सोडला. "दोन वर्षं होऊन गेली. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणतात. औषध चालू आहे. चालतो, खातो, मशीनवर शिवतो, गिऱ्हाइकांशी भांडतो. फक्त सुई हातात धरली की हात माझं ऐकत नाही."

"मला कळवलं नाहीस."

"कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच."

ताईला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. आयुष्यभर परक्यांच्या हातापायांची काळजी केली, आणि घरच्या माणसाचा हात थरथरतोय हे दोन वर्षं आपल्याला ठाऊक नाही. तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला, नाडी बघावी तसा धरून ठेवला आणि चालत राहिली.

"कोपरे मग वहिनी घालते?"

"दुपारी आप्पा झोपले की. हिचा हात माझ्याहून चांगला आहे, खोटं कशाला बोलू? आप्पांनी एकदा विचारलं होतं, टाका डावीकडे का झुकायला लागला म्हणून. मी ठोकून दिलं, उजेडासाठी बसायची जागा बदलली, खिडकी दुसऱ्या बाजूला घेतली. पटलं त्यांना. तेव्हापासून येईल त्याला सांगतात, जागा बदलली आणि माझ्या पोराचा हात बसला."

"आणि वहिनी?"

"ती चहा देते नि आत जाते."

घरात अळीमिळी गुपचिळी चालावी तर अशी. पण या लपवाछपवीला कारणही तसंच होतं. कडीचा कोपरा म्हणजे शिडाचा प्राण. वाऱ्याचा सगळा भार तिथं येतो. पणजोबांच्या काळी गड्यानं शिवलेला एक कोपरा भर समुद्रात सुटला आणि दोन माणसं परत आली नाहीत. तेव्हापासून नियम झाला: बाकीचं शीड कोणीही शिवो, कोपरा घरच्या हाताचा. आणि ज्या दिवशी घरचा हात थांबेल, त्या दिवशी शेडला कुलूप. घरचा म्हणजे या घरात जन्मलेला, तोही मुलगा. ताईनं पंधराव्या वर्षी सुई मागितली होती, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार." कुलूप नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत ते खरोखरीचं ठेवलेलं होतं, तेलपाणी करून.

"मग अडचण काय आहे?" ताईनं विचारलं. "दोन वर्षं निभावलंत, पुढंही निभवा."

"अडचण तू आहेस."

"मी?"

"तू आलीस, मास्तर आलेत. आप्पांच्या डोक्यात भरलंय की सगळ्यांच्या देखत मी कोपरा घालायचा आणि त्यांना दिसत नाही म्हणून त्यांनी शेजारी बसून टाका ऐकायचा. अकरा वाजता कप्तान येतोय शीड न्यायला. त्यालाही सांगून ठेवलंय, जरा आधी ये, हात बघायला मिळेल म्हणून."

ताई थांबली. तिनं समुद्राकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ झाले होते. रक्तस्राव सुरू झाला की तिचं डोकं जसं थंड व्हायचं, तसं ते आताही झालं.

"सोपं आहे," ती म्हणाली. "कोपरा मी घालते."

"तू?"

"मी या घरात जन्मले की नाही? मग! मुलगी म्हणून तेव्हा नाही म्हणाले, आता म्हणून बघू देत. पस्तीस वर्षं टाके बघितलेत, हजारांनी घातलेत. पुढच्या मोसमाचं पुढं बघू."

भाऊच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं. लहानपणी शाळेतल्या मारामाऱ्या ती निस्तरायची, तेव्हाही तो असाच हसायचा. दोघं बहीणभाऊ एक होऊन घराकडे वळले. खुर्चीपाशी मास्तरांनी हॅट वर करून पाहिलं.

"काय शिजतंय?"

"तुम्ही ऊन खा," ताई म्हणाली.

"खातोच आहे. पण तुझी चाल बघून भूक मेली माझी."

स्वयंपाकघरात वहिनी मासे साफ करत होती. सुरी डाव्या हातात होती आणि झरझर चालत होती. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत आप्पांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सूनबाई, वाढायला उजवा हात." तेवीस वर्षांत तिनं आप्पांसमोर पुन्हा डावा हात वर केला नव्हता. वाढणं, देणं, घेणं सगळं उजव्यानं. डावा फक्त ओट्यापाशी आणि दुपारी शेडमध्ये.

ताईनं बेत सांगितला. सांगताना ती खुशीत होती. भाऊ दाराला टेकून माना डोलावत होता. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"नुसतं चांगलं? अगं, कुलूप टळलं!"

"टळलं ना. पंधरा दिवसांसाठी आलात आणि टाळलंत. मी दोन वर्षं टाळत होते, ते कोणाला दिसायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी तक्रार करत नाही."

"वहिनी, मी तुझ्यासाठीच तर..."

"ताई, एक विचारू? तुम्ही लग्न करून गेलात म्हणून घरच्या नाही. मी लग्न करून आले म्हणून घरची नाही. मग हे घर आहे तरी कोणाचं?"

भाऊनं जमिनीकडे पाहिलं. ताईनं ओट्यावर सांडलेली खवलं बोटानं एका बाजूला केली. पण बेत बेत होता, घड्याळ पुढं सरकत होतं, आणि माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "आजचा दिवस निभावू दे," ती म्हणाली. वहिनीनं मान हलवली आणि भांड्यात पाणी घेतलं.

अकराला दहा कमी असताना कप्तान आला. रुंद, काळाभोर, आणि आवाज सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. मास्तर हॅटसकट येऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. आप्पा आपल्या नेहमीच्या खुर्चीत होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळत असे; बाकी जग ते बोटांनी आणि कानांनी चालवत.

"आप्पा," ताई म्हणाली, "आजचा कोपरा मी घालू?"

आप्पांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"तुला पंधराव्या वर्षी नाही म्हणालो होतो मी."

"लक्षात आहे माझ्या."

"माझ्याही आहे. तुझी आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती." त्यांनी बोटानं शिडाची कडा चाचपली. "भाऊ, तुझं काय म्हणणं?"

"घालू दे की, आप्पा. एवढ्या लांबून आलीय."

"घाल मग."

ताईनं आधी हात धुतले. मग कातड्याचा पट्टा तळहातावर बांधला. जाड कापडातून सुई रेटायला तो लागतोच. पट्टा भाऊच्या मापाचा होता, आणि आत कोणीतरी जुन्या फडक्याची घडी शिवून तो लहान करून घेतला होता. बांधायलाही तो उलटाच येत होता. कोणी करून घेतला असेल, हे विचारायची गरज नव्हती. तिनं तो सुलटा केला, मेण लावलेला दोरा ओवला आणि कामाला लागली. तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही. टाका, गाठ, कात्री. टाका, गाठ, कात्री. कप्तान वाकून बघत होता. "वा! काय सफाई आहे," तो म्हणाला. मास्तरांनीही अभिमानानं हॅट सारखी केली. वीस मिनिटांत कडी बसली. इतका देखणा कोपरा या शेडनं पाहिला नव्हता.

आप्पांनी कोपरा मांडीवर ओढला. त्यांचं बोट पहिल्या टाक्यावरून दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर गेलं आणि थांबलं.

"हे काय? प्रत्येक टाक्याला गाठ?"

"हो. एक सुटला तर बाकीचे सुटू नयेत म्हणून."

"दोरा प्रत्येक वेळी कापलास?"

"तशीच पद्धत आहे."

"कुठली पद्धत?" आप्पांचा आवाज चढला. "हे शीड आहे का पोट? पोटाला काय, निजून राहायचं असतं. याला वारा ओढणार. इथं दोरा सलग हवा. एकानं ओढलं की सगळ्यांनी मिळून धरायचं. तू प्रत्येकाला एकटं पाडलंस!"

कप्तान आधी हसला, मग मास्तर हसले. करायला गेले काय आणि झालं काय! चुकलं होतं, आणि चुकलं तेही पस्तीस वर्षांच्या सवयीनं, पूर्ण आत्मविश्वासानं. तिनं मान्य केलं. "चुकलं, आप्पा."

"चुकू दे. उसव. भाऊ, तू घाल."

ताईनं गाठी उसवल्या. भाऊ पुढं आला, बसला, पट्टा बांधला. त्यानं सुई उचलली आणि बोटांनी आपलं खरं रूप दाखवलं. दोऱ्याचं टोक सुईच्या भोकासमोर डावीउजवीकडे नाचत राहिलं. मग सुई सुटली. फरशीवर बारीकसा आवाज झाला आणि तो सगळ्यांनी ऐकला.

"पडली?" आप्पांनी विचारलं.

ताईच्या जिभेवर तीन सबबी तयार होत्या: मेण जास्त झालं, सुई बोथट आहे, ऊन डोळ्यांवर येतंय. पण दारात वहिनी उभी होती, हात पदराला पुसत, आणि ताईला स्वयंपाकघरातला प्रश्न आठवला. आयुष्यात पहिल्यांदा ताई बाजूला सरकली आणि जागा मोकळी करून दिली.

वहिनी आली. भाऊच्या हातावरचा पट्टा तिनं सोडवला, उलटा करून आपल्या डाव्या तळहातावर बांधला, सुई उचलली. भाऊ उठला, ती बसली. सुई कापडातून जाताना पट्ट्याचा दबका आवाज येई, मागून दोरा सरसरत येई, मग एक हिसका. पुन्हा तेच. आप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचं डोकं त्या ठेक्यावर हळूहळू हलायला लागलं होतं.

शेवटची गाठ पडली. आप्पांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हाच! हाच तो हात. बघितलंस कप्तान? पहिल्यांदा सुई पडली, पण बसल्यावर कसा बसला! जावईबापू, या, हात लावून बघा. माझ्या बापालाही असा टाका जमला नाही. शाबास, भाऊ!"

त्या कौतुकानं शेडमध्ये कोणाला मान वर करवेना. भाऊ आप्पांच्या खुर्चीपाशी खाली बसला.

"आप्पा, हा माझा हात नाही."

"म्हणजे?"

"माझा हात दोन वर्षांपूर्वीच गेला. थरथरतो. हे सगळे कोपरे हिनं घातलेत. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे, सगळे. मी खोटं बोललो."

आप्पांचं बोट टाक्यांवरच राहिलं. मग त्यांनी मुलाचा हात चाचपून शोधला आणि आपल्या मुठीत धरला. तो थरथरत होता. त्यांनी मान दाराकडे वळवली.

"सूनबाई, कुठं आहेस?"

"इथंच, आप्पा. तुमच्यासमोर बसलेय."

"मी दोन वर्षं तुझ्यादेखत याचं कौतुक करत होतो."

"हो. ऐकत होते."

"आणि बोलली नाहीस?"

"कौतुक चाललं होतं. मध्ये कशाला तोडायचं?"

मास्तरांना ठसका लागला. कप्तानानं घसा साफ केला. "आप्पा, राग मानू नका. दोन मोसम मी याच कोपऱ्यांवर माणसं नेतोय, आणतोय. वादळातसुद्धा एक..."

"तू गप्प बस. होडी तुझी आहे, शेड माझी आहे." आप्पांनी भाऊचा हात सोडला. "ताई, पेटी आण."

कुठली पेटी, हे विचारायचं कारण नव्हतं. ताई गेली आणि कोनाड्यातली पत्र्याची पेटी घेऊन आली. तिनं पेटी आप्पांच्या मांडीवर ठेवली. आप्पांनी झाकण उघडलं आणि आतून कुलूप काढलं, भलंमोठं, तेलानं चकचकणारं. वहिनी ताठ बसली होती.

आप्पांनी कुलूप हातात तोललं. मग ते खुर्चीखाली ठेवून दिलं आणि पेटीत पुन्हा हात घातला. खाली कोऱ्या कातड्याचा तुकडा होता, जाड, तपकिरी, पट्ट्याला पुरेल एवढा. खडूही होता. कातडं त्यांनी मांडीवर पसरलं, तळव्यानं दाबून सपाट केलं. शेजारी वहिनीनं सोडून ठेवलेला पट्टा बोटांना लागला, तशी त्यांनी त्याच्या आतली घडी चाचपली.

"फडकं कोंबून किती दिवस शिवणार?" ते म्हणाले. "पट्टा आपल्या मापाचा पाहिजे. हात दे."

वहिनी पुढं झाली. तिनं पदराला हात पुन्हा एकदा पुसला आणि तेवीस वर्षांच्या शिस्तीनं उजवा हात कातड्यावर ठेवला.

आप्पांनी तो बोटांनी चाचपला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि हळूच बाजूला केला.

"हा नव्हे," ते म्हणाले. "डावा दे."